प्रेक्षक आणि साक्षीदार : फावल्या वेळेचे ललित गद्य आणि मराठवाडा

१

मराठी ललित गद्याच्या इतिहासात एका प्रकारच्या लेखनाची नोंद नेहमी ओझरती झालेली आहे. वयाची पन्नाशी-साठी ओलांडलेला, अन्य वाङ्मयप्रकारांत नाव मिळवलेला लेखक एखाद्या नियतकालिकात सदर लिहू लागतो. पाहिलेला सामना, तरुणपणी पाहिलेला चित्रपट, रात्री जागून संपवलेली रहस्यकथा, घरातील छत्री, दाराशी येणारा भाजीवाला असे त्याचे विषय असतात. त्याला काही सिद्ध करायचे नसते. सांगण्याजोगे आयुष्य मागे पडलेले असते आणि हाती वेळ असतो. वाचक असे लेखन आवडीने वाचतात, कात्रणे ठेवतात, पुढे त्याचे संग्रहही निघतात. वाङ्मयेतिहासकार मात्र 'स्फुट लेखन' या शीर्षकाखाली चारदोन ओळींत त्याची बोळवण करतो.

या उपेक्षेमागे एक गृहीतक आहे. असे लेखन विषयाने क्षुल्लक, हेतूने रंजक आणि आकाराने सैल असते. म्हणून ते गंभीर समीक्षेच्या कक्षेत येत नाही, असे मानले जाते. हे गृहीतक क्षणभर बाजूला ठेवले तर या लेखनाकडे ऐतिहासिक पुरावा म्हणून पाहता येते. फावल्या वेळेचे गद्य निर्माण होण्यास तीन गोष्टी लागतात : लेखकाजवळ स्वतःच्या मालकीचा वेळ, त्या वेळेला शब्द देणारे नियतकालिक आणि पुरेसे आयुष्य. या तिन्ही गोष्टी सर्व प्रदेशांत, सर्व काळांत आणि सर्व समाजगटांत सारख्या वाटल्या गेलेल्या नाहीत. एखाद्या प्रदेशात असे लेखन विपुल का झाले आणि दुसऱ्यात जवळजवळ का झाले नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ अभिरुचीचा उरत नाही. प्रस्तुत लेखात नांदेड आणि लातूर या परिसराच्या, व्यापक अर्थाने मराठवाड्याच्या, संदर्भात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२

पाश्चात्त्य परंपरेत या प्रकाराचा उगम माँतेनपाशी दाखवला जातो. १५७१ साली सार्वजनिक कामातून निवृत्त होऊन तो आपल्या वाड्यातील ग्रंथालयात जाऊन बसला आणि १५८० मध्ये त्याच्या निबंधांचे पहिले दोन खंड प्रसिद्ध झाले. निवृत्ती, वाडा आणि ग्रंथालय हा त्या 'मी'चा भौतिक आधार होता. चार्ल्स लँबचे उदाहरण या दृष्टीने अधिक बोलके आहे. १७९२ पासून १८२५ पर्यंत तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत कारकून होता. पत्त्यांच्या डावाची मनापासून भक्ती करणाऱ्या वृद्ध स्त्रीवर, जुन्या नाटकांवर, नटांवर, शहरातील रस्त्यांवर त्याने लिहिले आणि निवृत्तिवेतन मिळाल्यावर 'द सुपरॅन्युएटेड मॅन' या निबंधात मोकळ्या वेळेचाच विचार केला. ज्या कंपनीने हिंदुस्थानातील असंख्यांचा वेळ आपल्या हिशेबात जमा केला, तिच्याच निवृत्तिवेतनावर इंग्रजी लघुनिबंधाचा हा लोभस 'मी' पोसला गेला, ही गोष्ट वसाहतीच्या बाजूने इतिहास पाहणाऱ्यास विसरता येत नाही.

मराठीत हा प्रकार १९२६-२७ च्या सुमारास रुजला. ना. सी. फडके यांच्या 'गुजगोष्टी' पुण्याच्या 'रत्नाकर' मासिकातून येऊ लागल्या, वि. स. खांडेकर सावंतवाडीच्या 'वैनतेय' साप्ताहिकात लिहू लागले. पुढे अनंत काणेकरांचा 'पिकली पाने' (१९३४) हा संग्रह आला. फडक्यांनी या प्रकाराचे तंत्र निश्चित केले : साध्या विषयापासून आरंभ, विचाराची खेळकर वळणे, वाचकाशी सलगी आणि शेवटी एखादा सुखद धक्का. या तंत्राच्या साचेबंदपणावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. परंतु टीकाकारांचे लक्ष तंत्रावर खिळून राहिल्यामुळे त्यातील 'मी'ची सामाजिक घडण दुर्लक्षित राहिली. हा 'मी' प्रामुख्याने प्रेक्षक आहे. खेळाच्या मैदानाच्या कडेला, नाट्यगृहात, आगगाडीच्या खिडकीशी, घराच्या व्हरांड्यात तो बसलेला असतो आणि समोरून जग जात असते. जे घडते त्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. म्हणूनच तो मजेत पाहू शकतो.

चित्रपटाशी या लेखकांचे नाते केवळ पाहण्याचे नव्हते. खांडेकरांनी 'छाया' (१९३६) या चित्रपटाची कथा लिहिली. काणेकरांनी 'माणूस' (१९३९) साठी गीते लिहिली. नव्या रंजनमाध्यमाविषयी त्या पिढीच्या मनात आजच्या समीक्षेला असलेला संकोच नव्हता, एवढे यावरून दिसते.

हे लेखन पुण्या-मुंबईच्या सुस्थित मध्यमवर्गाचे होते, असे सरसकट म्हटले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. फडके कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवीत होते आणि कोल्हापूर हे संस्थान होते. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्यासारख्या लहान गावात शिक्षक होते आणि सावंतवाडी हेही संस्थानच होते. म्हणजे शहराबाहेर असणे किंवा संस्थानी प्रजा असणे या गोष्टी फावल्या वेळेच्या गद्याला मारक ठरल्या नाहीत. शिरोड्यात मराठी शाळा होती, सावंतवाडीत मराठी साप्ताहिक होते आणि त्या साप्ताहिकात काहीही गंभीर न सांगण्याची मुभा होती. याच काळात नांदेड आणि लातूर येथे ही मुभा होती काय, असा प्रश्न विचारला की तुलनेचा खरा मुद्दा समोर येतो.

३

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी, या प्रकाराची पुढे मराठीत कोणती गत झाली ते पाहणे आवश्यक आहे. १९५० नंतर लघुनिबंधाचा ललित निबंध झाला. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' (१९४९), दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६), विंदा करंदीकर यांचा 'स्पर्शाची पालवी' (१९५८) या संग्रहांनी त्यास वैचारिक खोली, संवेदनेची समृद्धी आणि रूपाचे स्वातंत्र्य दिले. ही प्रगती निर्विवाद होय. मात्र तिची एक किंमत मोजावी लागली. निबंध जसा सखोल झाला तसे खेळ, चित्रपट, रहस्यकथा हे विषय त्यातून बाहेर पडले. खेळ वृत्तपत्राच्या क्रीडापानावर गेला, चित्रपट सिनेसाप्ताहिकात गेला आणि रहस्यकथा भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयात राहिली. एकाच माणसाच्या एकाच दिवसातील अनुभवांचे हे तुकडे निरनिराळ्या पानांवर विखुरले आणि त्यांना जोडणारा निबंधकार नाहीसा झाला.

रहस्यकथेच्या बाबतीत ही फाळणी सर्वाधिक तीव्र होती. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड ही नावे ज्यांना ठाऊक नाहीत असे वाचक त्या पिढ्यांत विरळाच. गोव्याचे गुरुनाथ नाईक यांनीही प्रचंड संख्येने रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. तरी रहस्यकथा वाचताना वाचकाचे नेमके काय होते, या प्रश्नाची तात्त्विक चर्चा मराठीत फारशी उभी राहिली नाही. इंग्रजीत चेस्टरटनने १९०१ मध्येच रहस्यकथेची बाजू मांडली होती. आधुनिक नगराचे काव्य तिने ओळखले, असा त्याचा मुद्दा होता. ऑडनने १९४८ मध्ये आपल्या या व्यसनाची कबुली देऊन त्यामागील अपराध आणि निर्दोषत्व यांच्या कल्पनांचा शोध घेतला.

खेळ आणि चित्रपट यांच्या बाबतीतही अन्यत्र निराळे घडले. रोलाँ बार्थच्या 'मायथॉलॉजीज' (१९५७) या पुस्तकातील पहिलाच निबंध कुस्तीच्या तमाशावर आहे. सी. एल. आर. जेम्सने 'बियाँड अ बाउंडरी' (१९६३) मध्ये क्रिकेटच्या आधारे त्रिनिदादमधील वर्ण, वर्ग आणि वसाहतवाद यांचा इतिहास सांगितला. जेम्सने त्या वेळी साठी ओलांडली होती. एका वयस्क लेखकाचे खेळाविषयीचे चिंतन राजकीय इतिहासाचे श्रेष्ठ साधन होऊ शकते, याचा यापेक्षा भक्कम दाखला नाही.

मराठीत या विषयांची परंपरा वृत्तपत्रांनी जिवंत ठेवली. शिरीष कणेकर (१९४३-२०२३) यांनी क्रिकेट आणि हिंदी चित्रपटसंगीत या दोहोंवर एकाच आत्मीयतेने लिहिले. 'गाये चला जा', 'यादोंकी बारात' ही पुस्तके वाचकांनी उचलून धरली. द्वारकानाथ संझगिरी यांनीही हेच दोन विषय सोबत हाताळले. विद्यापीठीय समीक्षेने या लेखनाची दखल घेतली नाही. परिणामी मराठी वाचकाच्या रंजनाचा, म्हणजे त्याच्या मोकळ्या वेळेचा, इतिहास अलिखित राहिला.

४

या पार्श्वभूमीवर मराठवाड्याचा विचार करता येतो. हैदराबाद संस्थानातील मराठी भाषक जिल्ह्यांत माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून होते आणि १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. सार्वजनिक सभांवर आणि खासगी शाळांवर निर्बंध होते. अशा स्थितीत मराठी पुस्तक हाती घेणे हीच एक भूमिका ठरत असे. गावोगाव निघालेली वाचनालये जागृतीची केंद्रे होती. १९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेल्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर वारंवार बंदी आली आणि ते नवनव्या नावांनी संस्थानाबाहेरून निघत राहिले. ज्या नियतकालिकाला आपले नावही टिकवता येत नाही, त्यात छत्रीवर निबंध लिहिणार कोण? सावंतवाडी आणि नांदेड यांतील अंतर हे आहे. दोन्ही ठिकाणी संस्थानी राजवट होती. एकीकडे लेखकाच्या भाषेला विश्रांतीचा अधिकार होता, दुसरीकडे तिला अस्तित्वासाठी झगडावे लागत होते.

तरीही या काळात एक अपवाद घडला. परभणीत निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करणाऱ्या बी. रघुनाथ (१९१३-१९५३) यांनी कविता, कथा, कादंबऱ्या यांबरोबर ललित निबंध लिहिले आणि त्यांचा 'अलकेचा प्रवासी' हा संग्रह प्रसिद्ध केला. हे शीर्षकच अर्थपूर्ण आहे. अलका ही यक्षांची सुखनगरी. 'मेघदूता'तील यक्ष तिच्यापासून वर्षभरासाठी दूर केला गेला आहे आणि तोही स्वामीच्या चाकरीत चूक झाली म्हणून. कचेरीत दिवस घालवणाऱ्या लेखकाने स्वतःस अलकेचा रहिवासी न म्हणता प्रवासी म्हणावे, यात फडक्यांच्या 'मी'पासूनचे त्याचे अंतर स्पष्ट होते. फडक्यांचा निबंधकार विश्रांतीच्या नगरीत राहतो, बी. रघुनाथांचा निबंधकार तिच्या वाटेवर असतो. ७ सप्टेंबर १९५३ रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. संस्थान विलीन होऊन पाच वर्षे झाली होती आणि मराठीतून निर्वेधपणे लिहिण्याचा काळ नुकता उजाडत होता.

दुसरे नाव नरहर कुरुंदकर यांचे. १९३२ साली कुरुंदा येथे जन्मलेले कुरुंदकर हैदराबादेत शिकले, नांदेडच्या शाळेत शिक्षक झाले, पुढे १९५० साली स्थापन झालेल्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि अखेरीस प्राचार्य झाले. 'जागर', 'शिवरात्र', 'धार आणि काठ', 'पायवाट' ही त्यांची पुस्तके मराठी वैचारिक गद्याचे वैभव होत. या लेखनात फावल्या वेळेचा निबंध जवळजवळ नाही. त्यांचा वेळ व्याख्यानांनी व्यापला होता. प्रदेश त्यांना बोलावीत होता आणि ते जात होते. १० फेब्रुवारी १९८२ रोजी, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. मराठवाड्याच्या गद्याचे हे दोन समर्थ लेखक वार्धक्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. वयस्क लेखकाचे निवांत चिंतन हा प्रकार येथे का नाही, याच्या उत्तरातील हा अगदी साधा आणि म्हणूनच दुर्लक्षिलेला भाग आहे.

तथापि कुरुंदकरांच्या गद्यात रहस्यकथेची प्रेरणा अन्य मार्गाने वावरते, असे म्हणता येईल. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीला प्रस्तावना म्हणून जोडलेले त्यांचे दीर्घ पत्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. प्रचलित निर्णय समोर ठेवायचा, साक्षींचे हितसंबंध तपासायचे, किरकोळ वाटणाऱ्या तपशिलावर थांबायचे आणि सर्वांच्या डोळ्यांपुढे असूनही न दिसलेली संगती दाखवायची, ही त्यांची पद्धत तपासाची पद्धत आहे. कॉलिंगवुडने 'द आयडिया ऑफ हिस्टरी' (१९४६) मध्ये इतिहासकाराचे काम समजावून देण्यासाठी खुनाच्या तपासाची एक गोष्टच रचली होती. कार्लो गिन्झबर्गने १९७९ मधील आपल्या निबंधात गुप्तहेर, वैद्य आणि कलापारखी यांच्या खुणा वाचण्याच्या विद्येची परंपरा शोधली. कुरुंदकरांचा वाचक शेवटच्या परिच्छेदापर्यंत ज्या उत्कंठेने जातो, तिचे नाते या परंपरेशी आहे. मराठवाड्यात रहस्याचे आकर्षण रंजनात रमले नाही. ते इतिहासाच्या कामाला जुंपले गेले.

कुरुंदकरांनी भरताच्या नाट्यशास्त्राचा दीर्घकाळ विचार केला, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावी लागते. नाट्यशास्त्राच्या आरंभी देव ब्रह्मदेवाकडे जे मागतात ते 'क्रीडनीयक' असते, म्हणजे खेळणे. पाहताही येईल आणि ऐकताही येईल असे. श्रमलेल्यांना आणि शोकग्रस्तांना विश्रांती देणे हेही नाट्याचे प्रयोजन सांगितले आहे. म्हणजे खेळ आणि विश्रांती यांना कलाविचारात मूळचेच स्थान आहे. त्यासाठी परकीय आधाराची गरज नाही. आधुनिक मराठी समीक्षेने हे स्थान काढून घेतले आणि ज्या प्रदेशाला विश्रांतीची गरज सर्वाधिक होती त्या प्रदेशातील लेखकाला ती मागण्याचाही संकोच वाटू लागला.

५

मराठवाड्यातील जे लेखक दीर्घायुषी झाले त्यांनी काय लिहिले, हे पाहिले म्हणजे या विवेचनाची कसोटी लागते. सेतुमाधवराव पगडी (१९१०-१९९४) यांचा जन्म आजच्या लातूर जिल्ह्यातील निलंग्याचा. हैदराबाद संस्थानाच्या नोकरीत असताना त्यांनी गोंडी आणि कोलामी या भाषांचा अभ्यास केला, गालिबच्या गझलांचा मराठी वाचकांस परिचय करून दिला आणि मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मराठीत आणली. फावल्या वेळेच्या निबंधाला आवश्यक असे सर्व काही त्यांच्यापाशी होते : अनेक भाषांचे वाचन, भ्रमंती, स्मरणशक्ती आणि निवृत्तीनंतरची वर्षे. परंतु आयुष्याविषयी लिहावेसे वाटले तेव्हा त्यांनी 'जीवनसेतू' हे आत्मचरित्र लिहिले. अनंत भालेराव (१९१९-१९९१) यांनी 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक म्हणून अखंड लिहिले. 'पेटलेले दिवस' मध्ये त्यांनी मुक्तिलढ्याच्या आठवणी सांगितल्या आणि 'मांदियाळी' मध्ये सहकाऱ्यांची व्यक्तिचित्रे रेखाटली.

म्हणजे येथील वयस्क लेखक 'मी' म्हणतो, पण ते म्हणण्यासाठी त्याला कारण लागते. आपण काही महत्त्वाचे पाहिले, सोसले, त्यात भाग घेतला, म्हणून आपल्याला बोलण्याचा अधिकार आहे, अशी त्याची धारणा असते. हा 'मी' साक्षीदाराचा आहे. प्रेक्षक आणि साक्षीदार दोघेही पाहतात. परंतु साक्षीदाराचे पाहणे कोणाच्या तरी न्यायासाठी असते आणि त्याला शब्दागणिक जबाबदार राहावे लागते. प्रेक्षकाला मात्र चुकण्याची, पक्षपात करण्याची, हरलेल्या संघावर प्रेम करण्याची मोकळीक असते. मराठवाड्यातील ललित गद्याने साक्षीदाराची भूमिका समर्थपणे पार पाडली. प्रेक्षक होण्याची संधी त्यास मिळाली नाही.

१९४८ नंतरही हे बदलले नाही, याची कारणे इतिहासातच आहेत. विलीनीकरणानंतर १९५६ मध्ये प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ झाले, महाविद्यालये वाढली. पाठोपाठ अनुशेषाचा, दुष्काळाचा प्रश्न उभा राहिला. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर झाल्यावर उसळलेल्या हिंसेत नांदेड परिसरातील दलित वस्त्या होरपळल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. दलित साहित्याने याच काळात एक मूलभूत प्रश्न विचारला : मोकळा वेळ आहे कोणाजवळ? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा वेळ दुसऱ्यांच्या मालकीचा होता, त्यांच्या दृष्टीने लघुनिबंधातील निवांत दुपार ही एक सामाजिक मिरास होती. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या 'अस्मितादर्श'ने या साक्षीला व्यासपीठ दिले. या आक्षेपाचे बळ मान्य करूनच पुढे जावे लागते. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मोकळ्या वेळेविषयी लिहू नये असा होत नाही. तो वेळ सर्वांचा झाला पाहिजे आणि त्याचे लेखनही सर्वांनी केले पाहिजे, असाच तो होतो.

६

या परिसरात पाहण्यासारखे काही नव्हते, असे तर मुळीच नाही. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची जत्रा, तिचा जनावरांचा बाजार आणि कुस्त्यांची दंगल ही मोठी लोकपरंपरा आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. लाल मातीतला हा खेळ मराठी ग्रामीण कथेत आला आणि चित्रपटातही आला. निबंधात मात्र क्वचितच. क्रिकेटवर लिहिणाऱ्यापाशी धावफलक, आकडे आणि इंग्रजी लेखनाची परंपरा तयार असते. कुस्तीच्या फडात जी वर्णनाची भाषा आहे ती मौखिक आहे. डाव-प्रतिडावांची नावे, हलगीचा ठेका, जोड लावताना होणारी घासाघीस हे सारे बोलण्यातून पुढे जाते. बार्थला जे पॅरिसच्या हौशी कुस्तीत दिसले त्याहून अधिक गुंतागुंतीचे नाट्य येथे होते, कारण येथील कुस्ती खरी होती, तिला गावकीचे, जातीचे आणि देवस्थानाचे संदर्भ होते. ते लिहिणारा वयस्क प्रेक्षक मात्र पुढे आला नाही.

चित्रपटाच्या बाबतीत तर या प्रदेशापाशी एक खास अधिकार होता. उर्दूतून शिकलेल्या मराठी पिढीला हिंदी चित्रपटगीतांची भाषा परकी नव्हती. मुंबईचा रसिक जे शब्द सुरांच्या आधारे समजून घेई, त्यांचे मूळ शायरीतील स्थान येथील शाळेत शिकलेल्या माणसाला ठाऊक असे. ज्या भाषेची सक्ती राजकीय दृष्ट्या जाचक होती तीच भाषा चित्रपटगृहाच्या अंधारात आनंदाची झाली, हा अनुभव अत्यंत द्वंद्वात्मक आहे. पगडींच्या गालिबविषयक लेखनातून त्याची एक अभ्यासपूर्ण बाजू दिसते. त्याची रोजच्या जगण्यातील, गुणगुणण्यातील बाजू कोणी लिहिली असती तर मराठी-उर्दू संबंधांच्या इतिहासाला अनमोल साधन मिळाले असते. ती पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे.

दैनंदिन जीवनाची गोष्ट याहून गंभीर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे घेतली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड माळवद हीच मृत्यूची कारणे ठरली. त्यानंतर अनेक गावे नव्या जागी, सरळ रेषेत आखलेल्या वसाहतींत वसली. जुन्या घराची ढाळज, उन्हाळ्यात माळवदावर झोपण्याची रीत, पावसाळ्यापूर्वी त्यावर माती टाकण्याचे काम, माळवदावरून माळवदावर होणाऱ्या शेजाऱ्यांच्या गप्पा यांची सविस्तर नोंद करणारा निबंध आधी लिहिला गेला असता तर क्षुल्लक ठरवला गेला असता. आज तो त्या जीवनरीतीचा दस्तऐवज ठरला असता. घर कोसळल्यावर साक्षीदार बोलतो. पण घर उभे असताना त्याच्याकडे निवांत पाहिलेल्या माणसाचे बोलणे साक्षीदाराला पुरे पडत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाही शहराच्या टंचाईची बातमी देशभर गेली. घागर, हंडा, टाकी, नळाची वेळ आणि टँकरची वाट पाहणे यांनी माणसाच्या दिवसाला दिलेला आकार बातमीत मावत नाही. तो निबंधाचाच विषय आहे.

७

या प्रदेशाने फावल्या वेळेच्या लेखकांचा अव्हेर केला, असेही म्हणता येत नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९५७ साली औरंगाबादला भरले तेव्हा अध्यक्ष अनंत काणेकर होते. १९८३ च्या अंबाजोगाई संमेलनाचे अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर आणि १९८५ च्या नांदेड संमेलनाचे अध्यक्ष शंकर पाटील, हे दोघेही चित्रपटांसाठी लिहिणारे कथाकार होते. २०२२ साली लातूर जिल्ह्यातील उदगीरला भारत सासणे अध्यक्ष झाले. त्यांच्या कथेत गूढाला आणि रहस्याला मानाचे स्थान आहे. रंजनाच्या माध्यमांशी नाते असलेल्या लेखकांना मराठवाड्याने मांडव घातला, त्यांना ऐकले. स्वतःच्या लेखकाकडून मात्र त्याने निराळी अपेक्षा ठेवली, आणि लेखकानेही ती शिरोधार्य मानली.

येथून वाङ्मयेतिहासापुढे दोन कामे उभी राहतात. पहिले संकलनाचे. नांदेडचे 'प्रजावाणी', लातूरचे 'एकमत' यांसारख्या दैनिकांच्या पुरवण्यांतून, दिवाळी अंकांतून, महाविद्यालयांच्या वार्षिकांतून निवृत्त शिक्षक, वकील, कारकून यांनी जे स्फुट लेखन केले असेल ते जमवणे आणि त्याचे कालानुक्रमे वाचन करणे हे १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतील काम आहे. दुसरे काम निकषांचे. 'ललित' आणि 'रंजक' ही विभागणी वाचकाच्या अनुभवात नसते. ती नियतकालिकांच्या अर्थकारणाने आणि समीक्षेच्या प्रतिष्ठाकल्पनांनी निर्माण केली आहे. एखाद्या निबंधाचा विषय क्रिकेट आहे की ऋतू, यावर त्याची इयत्ता ठरत नाही. पाहणाऱ्याने किती पाहिले, पाहता पाहता स्वतःकडे किती पाहिले आणि आपल्या काळाच्या कोणत्या खुणा नकळत मागे ठेवल्या, यावर ती ठरते.

मराठवाड्याच्या गद्याचा गौरव आजवर त्याच्या सामाजिक बांधिलकीसाठी झाला आणि तो योग्यच झाला. परंतु बांधिलकीच्या या इतिहासात एक उणीवही नोंदवावी लागते. येथील लेखकाला निर्हेतुक पाहण्याचा अधिकार आधी राजवटीने नाकारला, मग परिस्थितीने नाकारला आणि अखेरीस समीक्षेने नाकारला. पहिल्या दोन नकारांवर समीक्षेचा इलाज चालत नव्हता. तिसरा नकार तिचा स्वतःचा आहे, आणि तो मागे घेणे तिच्या हाती आहे.